पाचशे कनेक्शन आणि ओळख एकाचीही नाही : सांगलीतल्या एका बीएस्सी पदवीधराचं प्रकरण

हे प्रकरण तासगाव तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. तिने सांगलीतून मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलं, 2024 मध्ये, पहिल्या वर्गात. घरची द्राक्षबाग आहे आणि माल बहुतेक बेदाण्याला जातो. घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. मी पदवीच्या मुलामुलींना नोकरीच्या अर्जांसाठी मदत करते, त्यामुळे सगळा प्रवास जवळून पाहता आला. तिची नोकरी अजून नवी आहे, म्हणून तिचं नाव, गाव, कॉलेज आणि कंपनी यातलं काहीच इथे दिलेलं नाही. लिहायला तिची परवानगी आहे. लिहिलेलं तिने वाचलंही आहे.

सुरुवातीची स्थिती

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या लिंक्डइन खात्यावर '500+' दिसत होतं. निकाल लागल्यापासून रोज संध्याकाळी तास-दीड तास ती हेच करत होती: समोर येईल त्याला विनंती पाठवायची, 'इझी अप्लाय'चं बटण दाबायचं, कुणी बढतीची बातमी टाकली की 'अभिनंदन सर' लिहायचं. एका युट्यूब चॅनेलवर 'आधी पाचशेचा टप्पा गाठा, मग रिक्रूटर आपोआप येतात' असं ऐकलं होतं आणि तिने ते मनापासून पाळलं होतं. मेहनतीत ती कुठेच कमी पडली नव्हती.

आम्ही दोघींनी बसून ती पाचशे माणसं पाहिली. वर्गातल्या मैत्रिणी होत्या. दिल्ली-बंगळूरचे एचआर होते, बहुतेक आयटी भरतीचे. प्रेरणादायी भाषणं देणारे होते, कोडिंगचे क्लास विकणारे होते. अन्नप्रक्रिया, औषधनिर्मिती किंवा तपासणी प्रयोगशाळा या तीन क्षेत्रांत खरोखर काम करणारी माणसं जेमतेम दहा-बारा निघाली. त्यांच्याशी तिचं बोलणं कधी झालंच नव्हतं.

तिचा ठरलेला मेसेज इंग्रजीत होता. आशय असा : 'आदरणीय सर, मी फ्रेशर आहे. आपल्या कंपनीत माझ्या पात्रतेनुसार कोणतीही जागा असल्यास कृपया कळवावे. बायोडेटा सोबत जोडला आहे.' हाच मजकूर सगळ्यांना जायचा.

यात उद्धटपणा नाही, चूकही नाही. पण वाचणाऱ्याने काय करायचं? ही मुलगी कोण, तिला काय येतं, तिला नेमकं कुठलं काम हवंय, ते आपल्याकडे आहे का, हा सगळा विचार त्याच्यावर टाकलेला. 'कोणतीही जागा' हे शब्द नम्रतेपोटी येतात, पण नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर त्यांना जागा नसते. दिवसभरात असे कितीतरी मेसेज वाचणारा माणूस पुढे सरकतो, त्यात त्याचाही दोष नाही.

घरी वेगळाच प्रश्न होता. वडील म्हणायचे, "आपलं कोण हाय तिथं?" या प्रश्नाकडे शिकलेली मुलं जुनाट म्हणून बघतात. मला तो रास्त वाटतो. आपल्या भागात एमआयडीसीतली कितीतरी पदं जाहिरात न देताच भरली जातात. शिफ्टचा सुपरवायझर कुणाला तरी सांगतो, कॅन्टीनवाला कुणाला तरी सांगतो, आणि सोमवारी माणूस कामावर हजर. 'आपलं' असलेला माणूस आत हवा, हा वडिलांचा अंदाज बरोबर होता. तो माणूस नात्यातलाच असला पाहिजे, एवढंच त्यातलं चुकीचं गृहीत होतं.

ओळख किती जवळची हवी

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1970च्या आसपास अमेरिकेतल्या न्यूटन नावाच्या शहरात नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं होतं, की ही नोकरी तुम्हाला कळली कशी. निम्म्याहून जास्त जणांना ती ओळखीतून कळली होती. त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही कितीदा भेटता, या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं ठरलं. वरचेवर भेटणारे शंभरात सतराच्या आसपास. अधूनमधून भेटणारे सुमारे 56. क्वचितच भेटणारे सुमारे 28. म्हणजे बातमी आणणारी माणसं बहुतेक तोंडओळखीची होती. याचं कारण सरळ आहे. आपल्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळात उठबस असलेल्या माणसाकडे असते.

2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांची पाच वर्षांची माहिती वापरून केलेला अभ्यास आला. त्यात हीच गोष्ट तपासली होती आणि दोन बारकावे हाती लागले. पहिला : सामाईक ओळखींच्या हिशोबाने पाहिलं तर अगदी घट्ट नाती फारशी उपयोगी पडत नाहीत, आणि अगदी परकी माणसंही नाहीत. मधल्या पट्ट्यातली माणसं सर्वांत उपयोगी पडतात. दुसरा : ज्या उद्योगांत डिजिटल काम जास्त, तिथे विरळ ओळखी चालतात, जिथे कमी, तिथे घट्ट ओळखींचं वजन वाढतं.

सांगलीच्या मुलांसाठी मला हा दुसरा बारकावा फार महत्त्वाचा वाटतो. नेटवर्किंगवरचे व्हिडिओ बहुतेक आयटीवाल्यांनी आयटीवाल्यांसाठी केलेले असतात. हळद, बेदाणा, साखर, दूध, फाउंड्री, पंप या क्षेत्रांत तेच नियम जसेच्या तसे लावले तर पदरी निराशाच येते. इथे माणूस स्क्रीनवर सापडेल, पण विश्वास बसायला मध्ये कुणीतरी माहितीतलं लागतं.

म्हणून आम्ही एवढंच ठरवलं : परक्यांना विनंत्या पाठवणं बंद. आधी मधला पट्टा शोधायचा.

यादी कुठून आली

लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. कुठे राहतात, कुठे काम करतात, काय काम करतात, काय शिकले, कोणत्या वर्षी होते, अशा चाळण्या तिथे लावता येतात. मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजांना तो सोन्यासारखा आहे. तिच्या कॉलेजच्या बाबतीत तिथे तुरळक नावं दिसली, कारण मुलांनी कॉलेजचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं. कुणी संस्थेचं नाव आधी, कुणी फक्त आद्याक्षरं, कुणी स्पेलिंगच वेगळं, कुणी थेट शिवाजी विद्यापीठ. पानाशी न जोडलेली अशी नावं चाळणीत येतच नाहीत. तिने प्रत्येक तऱ्हेचं नाव शोधखिडकीत टाकून पाहिलं, सोबत 'मायक्रोबायोलॉजी' जोडलं, तेव्हा आणखी बरीच माणसं वर आली.

खरी खाण मात्र विभागातच होती. प्रयोगशाळेतले मामा तिथे वीसेक वर्षं आहेत. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र लावणं, पिपेट धुऊन ठेवणं, प्रॅक्टिकल परीक्षेला घाबरलेल्या मुलींना चहा पाजणं, सगळं त्यांचंच. कोण कुठल्या बॅचचा, कुणाचं लग्न कुठे झालं, कोण पुण्याच्या लॅबला लागला, हे त्यांना तोंडपाठ. ती वही घेऊन त्यांच्याकडे गेली. मामांनी स्टुलावर बसून एकेक नाव सांगितलं आणि प्रत्येक नावाला एक खूण जोडली: 'तो सलग दोनदा प्लेट पाडलेला', 'ती मिरजेची, दादा डॉक्टर आहे तिचा'. विभागाच्या जुन्या रजिस्टरातून सरांनी आणखी नावं काढून दिली. मग ती नावं ऑनलाइन शोधायची.

तीस-पस्तीस माणसांची यादी झाली. सगळी तिच्याच विभागातून गेलेली, साधारण दहा वर्षांच्या आतली आणि त्याच तीन क्षेत्रांत काम करणारी. कुणी चाकणला, कुणी महाडला, कुणी गोव्यात, काही थेट कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत. घरापासून तासाभराच्या अंतरावर आपल्याच विभागाची माणसं काम करतात, हे तिला पदवी घेऊनही माहीत नव्हतं. या एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. कॉलेजं इमारतीच्या उद्‌घाटनाचे फोटो जपून ठेवतात, पण आपली मुलं गेली कुठे याची साधी वही ठेवत नाहीत.

मेसेज

लिंक्डइनच्या मोफत खात्यावर विनंतीसोबतची चिठ्ठी सध्या दोनशे अक्षरांपर्यंतच लिहिता येते, आणि अशा चिठ्ठ्याही महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. ही मर्यादा तिच्या पथ्यावर पडली. प्रत्येक चिठ्ठी कुणाला पाठवायची हे विचार करूनच ठरवावं लागलं.

तिने ती मराठीत लिहिली. मी आग्रह केला नव्हता, तिलाच सुचलं. एक अशी होती :

'नमस्कार दादा, मी आपल्याच विभागाची, 2024ची बॅच. लॅबमधल्या मामांनी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही मसाला कंपनीत क्यूसीला आहात ना? तिथे फ्रेशरचं रोजचं काम काय असतं, एवढंच विचारायचं होतं.'

क्यूसी म्हणजे मालाचा दर्जा तपासणारा विभाग. चिठ्ठीत नोकरी मागितलेली नाही. बायोडेटा नाही. 'मामा' हा शब्द आल्याबरोबर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती प्रयोगशाळा उभी राहते. आणि प्रश्न असा, की उत्तर द्यायला कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. कामावर असलेल्या माणसाला स्वतःच्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं तर तो सहसा सांगतो. निम्म्याच्या आसपास लोकांनी उत्तर दिलं. दोघांनी तर पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवले. एका ताईने लिहिलं, 'रविवारी दुपारी फोन कर गं, टायपायला कंटाळा येतो.'

ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना तिने पंधरा दिवसांनी काहीही आठवण करून दिली नाही. माझं मतही तेच आहे. स्वीकारलेल्या विनंतीनंतर एखादा पाठपुरावा ठीक, पण न स्वीकारलेल्या विनंतीच्या मागे लागू नये. शिवाय 'मी या व्यक्तीला ओळखत नाही' असे शेरे किंवा दुर्लक्षित विनंत्या वाढत गेल्या की लिंक्डइन खात्यावर बंधनं आणतं. तिच्या आधीच्या पाचशेच्या शर्यतीत कितीतरी विनंत्या लोंबकळत पडल्या होत्या, त्या तिने मागे घेतल्या.

बोलण्यातून काय कळलं

जाहिराती वाचून जे कधी कळलं नसतं ते या बोलण्यांतून कळलं. पहिली गोष्ट म्हणजे पदांची नावं. ती 'मायक्रोबायोलॉजिस्ट' एवढंच शोधत होती. प्रत्यक्षात हेच काम 'क्यूसी केमिस्ट', 'ट्रेनी अ‍ॅनालिस्ट', 'क्यूए एक्झिक्युटिव्ह', 'लॅब असिस्टंट' अशा नावांनी निघतं.

दुसरी गोष्ट मोठी होती. अन्नसुरक्षा कायदा 2006चा, आणि परवान्यांचे नियम 2011चे. परवान्याच्या अटींत असं आहे, की उत्पादनावर देखरेख करायला निदान एक तांत्रिक माणूस हवा आणि त्याच्याकडे रसायनशास्त्र, जैवरसायनशास्त्र, अन्न व पोषण किंवा मायक्रोबायोलॉजी या विषयांसह विज्ञानाची पदवी, किंवा अन्नतंत्रज्ञानाची पदवी-पदविका हवी. एका दादाने हे फोनवर सहज सांगितलं. ती गप्पच झाली. तीन वर्षं शिकलेल्या पदवीचं नाव नियमात लिहिलेलं आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिने प्रोफाइलची मथळ्याची ओळ बदलली. 'नोकरीच्या शोधात असलेली फ्रेशर' जाऊन 'बीएस्सी मायक्रोबायोलॉजी. बेदाण्यातील यीस्ट-बुरशी तपासणीवर प्रकल्प. अन्नप्रक्रिया क्यूसी' असं आलं.

मुलाखतीत काय विचारतात, हेही कळलं. ऑटोक्लेव्हचं तापमान 121 अंश आणि दाब 15 पौंड, हे सगळ्यांना पाठ असतं. नमुना पोत्याच्या कुठल्या भागातून घ्यायचा, हे विचारलं की मुलं अडतात.

बेदाण्याची पोस्ट

शेवटच्या वर्षाचा तिचा प्रकल्प होता, तो घरच्या बेदाण्यावर. रॅकवरून काढलेला माल आणि काही महिने साठवलेला माल, दोन्हींतल्या यीस्ट-बुरशीची मोजणी. कॉलेजात तो बांधून, सही होऊन, कपाटात गेला होता. रविवारी फोन करायला सांगणाऱ्या ताईनेच सुचवलं की तो लोकांसमोर मांड.

तिने मोजकं लिहिलं. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात घड कसे बुडवतात, शेडच्या जाळीवर माल किती दिवस राहतो, पाऊस आला की काय धावपळ होते, आणि साठवणीत ओलावा धरला तर प्लेटवर काय दिसतं. सोबत पीडीए, म्हणजे पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार या बुरशी वाढवून बघायच्या माध्यमाच्या प्लेटचा मोबाइलवर काढलेला फोटो. शेडमधल्या वर्णनात एक अक्षर उसनं नव्हतं, कारण ती लहानपणापासून तिथे राबली आहे.

पोस्टला लाइक थोडेच मिळाले. पण एका दादाच्या ओळखीतून ती नाशिककडच्या एका क्वालिटी मॅनेजरपर्यंत पोचली, आणि त्यांनी खाली लिहिलं : 'चांगला प्रयत्न. पण बेदाण्यासारख्या कमी पाण्याच्या पदार्थाला पीडीए पुरत नाही. डीजी-18 वर करून बघा.'

डीजी-18 हे नाव तिने ऐकलं नव्हतं. चार लोकांसमोर आपली उणीव निघाली म्हणून ती पोस्ट काढायला निघाली होती. तिने काढली नाही, आणि या प्रकरणाला वळण लागलं ते तिथे. तिने वाचून काढलं : या माध्यमात 18 टक्के ग्लिसरॉल असतं, त्यामुळे त्यातलं उपलब्ध पाणी कमी होतं आणि सुक्या मालावर वाढणाऱ्या बुरशीला ते मानवतं. डायक्लोरॅन असतं, ते भराभर पसरणाऱ्या बुरशीला आवर घालतं. 25 अंशाला पाच ते सात दिवस ठेवायचं. पण माध्यमाची बाटली महाग, कॉलेजात नाही. तिने ताईला विचारलं. ताई सांगलीतल्याच एका खाजगी तपासणी प्रयोगशाळेत होती. ताईने तिथल्या मॅनेजरना विचारलं आणि त्यांच्या तयार प्लेटपैकी उरलेल्या वापरायला मिळाल्या.

आठवड्याने तिने दोन प्लेट शेजारी ठेवून फोटो टाकला. एकाच नमुन्याच्या. पीडीएवर रायझोपस या भराभर पसरणाऱ्या बुरशीने कापसासारखा अख्खा पृष्ठभाग व्यापलेला, मोजण्यासारखं काही उरलेलंच नाही. डीजी-18 वर छोट्या, सुट्या, बोटाने मोजता येतील अशा वसाहती. खाली लिहिलं : 'सरांनी सुचवल्याप्रमाणे पुन्हा केलं. आधीच्या पद्धतीत मोजणी विश्वासार्ह का नव्हती, ते आता दिसलं. प्लेट उपलब्ध करून देणाऱ्या ताईंचे आणि त्यांच्या लॅबचे आभार.'

माझ्या मते या चार ओळींनी जे केलं ते तिच्या पाचशे कनेक्शनांनी केलं नसतं. ती सांगितलेलं ऐकते, पुन्हा करून बघते, श्रेय ज्याचं त्याला देते. कुठल्याही क्वालिटी विभागाला नेमकं हेच माणूस हवं असतं, आणि ते बायोडेट्यात लिहून सिद्ध होत नाही.

जे टाळावं लागलं

पोस्ट पुढे गेली तसे नको ते लोकही आले. मुलींच्या बाबतीत हे सविस्तर सांगायलाच हवं, कारण अनेक घरांत याच कारणाने खातं बंद करायला लावतात. रात्री अकरानंतर 'हाय डिअर', प्रोफाइल फोटोवर शेरे, कामाचं काही न बोलता थेट व्हॉट्सअ‍ॅप नंबर. तिने नियम केले : कामाच्या वेळेबाहेर आलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर, नंबर फक्त विभागातल्या माणसांना, तोही मामा किंवा सरांकडून खात्री झाल्यावर, पहिली भेट झालीच तर कंपनीत किंवा कॉलेजात. एकाला तिने ब्लॉक केलं आणि तक्रारही नोंदवली. हे सगळं वडिलांना दाखवलं, तेव्हा त्यांची काळजी थोडी उतरली.

एकदा टेलिग्रामवरून एका मोठ्या कंपनीच्या नावाने नेमणूकपत्र आलं. शिक्का, सही, सगळं होतं; फक्त 'परत मिळणारी' अनामत रक्कम लॅपटॉपसाठी आधी भरायची होती. पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता कंपनीच्या संकेतस्थळाच्या नावाशी जुळत नव्हता. तिने त्याच कंपनीत काम करणाऱ्या एका दादाला विचारलं आणि दहा मिनिटांत उत्तर आलं की खोटं आहे. ओळखींचा हा उपयोग कुणी सांगत नाही. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा नोकरी देणारा नसतो; आणि कुणाचे पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीची 1930 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे जितक्या लवकर कळवावं तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. संकोचापायी दोन दिवस घालवणाऱ्या मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

नोकरी

नाशिकच्या सरांच्या कंपनीत जागा नव्हती. यादीतल्या तीस-पस्तीस जणांपैकी एकानेही थेट नोकरी दिली नाही.

ताईच्या प्रयोगशाळेत कुपवाडच्या एका प्रक्रिया उद्योगाचे नमुने येतात. त्यांना स्वतःची छोटी लॅब सुरू करायची होती आणि क्यूसीला एक शिकाऊ माणूस हवा होता. जाहिरात निघाली नव्हती. लॅबच्या मॅनेजरना उरलेल्या प्लेट मागणारी मुलगी आठवली. उद्योगाच्या मालकांनी पोस्ट पाहिली, खालची कमेंट पाहिली, आणि नाशिकचे सर त्यांच्या धंद्यातल्या माहितीचे निघाले. बेदाण्याचं जग तसं लहान आहे. तासगाव, सांगली, पिंपळगाव, तीच ती माणसं. त्यांनी फोन लावला. सर तिला कधी भेटलेले नव्हते. ते एवढंच म्हणाले, की मी सुचवलेली टेस्ट तिने परत करून दाखवली होती.

मुलाखत अर्ध्या तासाची. नमुना पोत्यातून कसा घेशील, हा प्रश्न आलाच. पुण्याच्या मानाने पगार कमी आहे, सहा महिने शिकाऊ म्हणून. पण कंपनीची गाडी आहे, घरून ये-जा होते, आणि शून्यापासून लॅब उभी करताना बघायला मिळते आहे. पुण्यातली जास्त पगाराची नोकरी तिने घ्यायला हवी होती असं तिच्या दोन मैत्रिणींना वाटतं. मला तसं वाटत नाही. पहिल्या नोकरीत शिकायला काय मिळतं ते आधी बघावं.

या प्रकरणाचं श्रेय लिंक्डइनला किती द्यायचं? माझा हिशोब असा आहे : माणसं सापडली मामांच्या आठवणीतून, बोलणं सुरू झालं ऑनलाइन, काम लोकांना दिसलं ऑनलाइन, आणि विश्वास बसला एका फोनवर. 2022च्या अभ्यासातला तो दुसरा बारकावा इथे लागू पडला; हे क्षेत्र कमी डिजिटल, म्हणून शेवटचा टप्पा माहितीतल्या माणसांकडूनच पार पडला. मात्र तो फोन ज्या पुराव्यावर झाला, तो स्क्रीनवरच होता.

हीच पद्धत सगळ्यांना अशीच लागू होईल असं नाही. तिच्याकडे घरचा बेदाणा होता, म्हणजे दाखवायला स्वतःचं काहीतरी होतं. बीकॉमच्या मुलाकडे काय असेल? माझ्याकडच्या एका मुलाने मार्केट यार्डातल्या अडत दुकानात सुट्टीत लिहिलेल्या हिशोबांवरून हळदीच्या सौद्यानंतरची बिलं आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाची चिठ्ठी, कशी बनते, हे नावं झाकून मांडायला सुरुवात केली आहे. मेकॅनिकलच्या मुलांसाठी कुपवाडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तेवढंच साहित्य पडून आहे. इंग्रजी साहित्याच्या एका मुलीसाठी मात्र आम्हाला अजून नीट वाट सापडलेली नाही.

आता तिला ज्युनिअर मुलींचे मेसेज येतात. 'ताई, तुमच्याकडे जागा आहे का' असं विचारणाऱ्यांना ती उलट विचारते, की प्रकल्प कशावर केलास. विभागातल्या सरांनी मामांची वही एक्सेलमध्ये उतरवायला घेतली आहे. प्रत्येकाला विचारून, होकार आला तरच नाव घालायचं असं ठरलं आहे. गेल्या सहा-सात बॅचची नावं झाली. त्याआधीच्यांचे फोन नंबर बदललेले आहेत, तेव्हा मामा आता ज्यांच्या लग्नाला गेले होते त्यांच्यापासून सुरुवात करणार आहेत.